सोनोग्राफी शिकायची आहे, कोर्सबद्दल तातडीने मदत हवी

मेघना_के:
अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, फेब्रुवारीत नोकरी गेली. पुन्हा त्याच रांगेत उभं राहायची इच्छा नाही. सोनोग्राफी शिकायची आहे. वय ३९, बी.एस्सी. फिजिक्स. सहा महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स सापडलाय, शुक्रवारपर्यंत फी भरली तर सवलत. भरू का? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा:
अजिबात भरू नका. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा वाचा. डॉक्टर नसलेल्या माणसाला सोनोग्राफी करता येत नाही. साध्या एमबीबीएसलाही २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण लागतं. माझ्या भावाचं सेंटर आहे, प्रत्येक गरोदर बाईमागे फॉर्म एफ, म्हणजे त्या कायद्याचा नोंदीचा फॉर्म, भरताना बघतो मी.

रानवारा:
ताई, डीएमएलटी करा. माझ्या भाचीला लगेच नोकरी लागली.

सह्यकडा:
डीएमएलटी म्हणजे रक्त-लघवीची लॅब. त्यांनी ते विचारलंय का?

मेघना_के:
अहो, मी न्यू जर्सीत आहे! एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर, आणि ईएडी म्हणजे कामाचा परवाना आहे. इथे टेक्निशियनच स्कॅन करतात.

हडसनकाठ:
हे आधी सांगायचं ना! मी इथे नऊ वर्षं सोनोग्राफर आहे. दोनच गोष्टी सांगा. कोर्सला सीएएएचईपीची, म्हणजे इथल्या आरोग्य कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का? आणि क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलात खऱ्या रुग्णांवरचा सराव, कोण देणार?

मेघना_के:
मान्यतेचं साइटवर काही दिसत नाही. क्लिनिकल 'विद्यार्थ्याने स्वतः शोधावे' असं लिहिलंय. पण शेवटी सर्टिफिकेट देतात.

हडसनकाठ:
त्या सर्टिफिकेटला हॉस्पिटलात कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी एआरडीएमएसची, म्हणजे सोनोग्राफरच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, नोंदणी आहे का ते बघतात. त्यासाठी दोन परीक्षा. एक एसपीआय, म्हणजे ध्वनिलहरी, डॉप्लर, मशीन. ११० प्रश्न, दोन तास. तुमचं फिजिक्स तिथे कामी येईल. दुसरी विषयाची: पोट, प्रसूती, रक्तवाहिन्या, यातलं एक. मान्यताप्राप्त कोर्स केलात की परीक्षेला बसता येतं. तो नसेल तर पदवी असूनही १२ महिने पूर्णवेळ, आठवड्याला ३५ तास, रुग्णांवर स्कॅन केल्याचा दाखला लागतो. नवख्या माणसाच्या हातात प्रोब कोण देणार? माझी एक मैत्रीण असाच कोर्स करून दीड वर्ष क्लिनिकलसाठी दारोदार फिरली. शेवटी सोडून दिलं तिने. पैसे गेलेच.

इकोवाली:
पोटाचं कशाला? सरळ इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. हृदयाचे पेशंट कधी कमी होणार नाहीत.

हडसनकाठ:
नोकऱ्या दोन्हीकडे आहेत. आधी प्रवेश कुठे मिळतो ते बघू द्या त्यांना.

लीड्सकर:
आमच्याकडे यूकेत सोनोग्राफर रिपोर्टसुद्धा स्वतः लिहितात. बहुतेक जण 'केस' (CASE) या संस्थेची मान्यता असलेला पदव्युत्तर कोर्स करतात. इकडे यायचा विचार असेल तर सांगा.

इकोवाली:
आणि खांदा सांभाळा. हात लांबवून दिवसभर दाबून धरायचं असतं, दुसऱ्याच वर्षी माझा उजवा खांदा धरला.

रानवारा:
गोमुखासन करा रोज. मला फार फरक पडला.

मेघना_के:
फी भरत नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स आहे, मान्यता आहे, आत्ताच तपासली. आपली भारतातली पदवी धरतात का?

हडसनकाठ:
मूल्यांकन करून घ्या, तेही प्रत्येक विषयाचं. फिजिक्स माफ करतील की नाही ते कॉलेज ठरवतं, जुने विषय बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मात्र करावंच लागेल, ते उन्हाळ्यातच सुरू करा. जागा थोड्या असतात, मार्क बघतात. आणि प्रवेशाआधी एखादा दिवस अल्ट्रासाउंड विभागात बसून काम बघायला मिळतं का, विचारा.

सह्यकडा:
ईएडी कधी संपतंय?

हडसनकाठ:
बरोबर विचारलंत. शिकायला ईएडी लागत नाही, नोकरीला लागेल.

मेघना_के:
पुढच्या नोव्हेंबरात. कोर्स संपायच्या आधीच. हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री नवऱ्याशी बोलते, मग इथेच लिहिते.