एमआयडीसीत भिंतीला भिंत, पण बोलणं नाही. जळगावात इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट जमेल का?

चटईवाला_जळगाव:
नमस्कार मंडळी, आपलं एमआयडीसीत प्लास्टिक चटईचं छोटं युनिट आहे. इथे चटईवाले, पाइपवाले, दालमिलवाले सगळे जवळजवळ, हायवेला उमवि (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ), तरी कोणी कोणाला गेटच्या आत घेत नाही. माझ्या डोक्यात केळीच्या खोडाचा धागा चटईत वापरायचं खूळ आहे, पण धाग्यातलं मला कळत नाही अन् ज्याला कळतं त्याला मशीन माहीत नाही. बार्सिलोनात असा इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे कारखाने, कंपन्या, कॉलेजं शेजारी राहून मिळून नवं काही काढतील असा एरिया, केला म्हणतात. आपल्याकडे सुरुवात कुठून करायची?

चोपडेकर_पुण्यात:
त्या एरियाचं नाव २२ॲट (22@). पोब्लेनोऊ म्हणून जुन्या कापडगिरण्यांचा भाग, साधारण २०० हेक्टर, २००० साली प्लॅन केला. नुसत्या कारखान्यांऐवजी कंपन्या, कॉलेजं, घरं एकत्र येऊ दिली. पण तिथे महापालिका मागे उभी होती भो, तसं इथे होईपर्यंत आपण म्हातारे होऊ. त्यापेक्षा अमेरिकेतल्या केंब्रिजच्या केंडल स्क्वेअरचं बघा, एमआयटीच्या शेजारी, तिथे व्हेंचर कॅफेवाले दर गुरुवारी संध्याकाळी नुसतं लोकांना भेटवतात, कोणीही या.

जुना_फोरमन:
भेटून काय होतं, चहा पिऊन जातात. मागे आम्ही पाच जणांनी मिळून टेस्टिंग मशीन घ्यायचं ठरवलं, पहिल्याच मीटिंगला ते कोणाच्या शेडमध्ये ठेवायचं यावरून भांडण, तिथेच संपलं. खरी भीती अशी की शेजारी आपला माल बघेल, डाय (साचा) बघेल अन् उद्या गिऱ्हाईक नेईल. म्हणून एकाच धंद्यातले दोघं आधी बसवूच नका. चटईवाला, केळीवाला अन् केमिकलचा एखादा मास्तर, यांची आपसात स्पर्धाच नाही. काम पण एकच द्या, धागा पाण्यात कुजतो का एवढंच बघा. केंद्राच्या क्लस्टर योजनेत सामाईक मशीनरीला अनुदान आहे, पण त्याला युनिटवाल्यांनी मिळून एसपीव्ही, म्हणजे त्या कामापुरती वेगळी संस्था, काढावी लागते, ते नंतर.

रावेरची_ताई:
खोड माझ्याकडून घेऊन जा ना भाऊ! घड कापला की खोडं बांधावर पडून राहतात, ती हटवायला वरून मजुरी द्यावी लागते. फक्त ताजी असताना न्या, वाळल्यावर धागा नीट निघत नाही. अन् धागा चालला तर भाव काय देणार ते आधी सांगा, नंतर फुकटात मागू नका 😄

चटईवाला_जळगाव:
ताई, भावाचं लिहूनच देतो. फोरमनकाका, विद्यापीठातल्या एका सरांना मेसेज टाकलाय. येत्या रविवारी रावेरलाच मळ्यात भरीत-पुरी करू, वांगी बामणोदची मी आणतो, ती भाजायला कपाशीच्या काड्या ताईंकडे असतीलच. डाय घरी ठेवून येतो 😄