‘सेल्फ’ला मराठीत काय म्हणावं: आत्मा, स्व की मी?

विचारणा: इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकवरच्या मजकुरात ‘सेल्फ’ला ‘आत्मा’ लिहिलं तर चालेल का? आत्मविश्वास, आत्मपरीक्षण यांत तो चालतोच की.

– समासात चालतो, सुटा नाही. ‘आत्मपरीक्षण’मधला ‘आत्म’ म्हणजे नुसतं ‘स्वतःचं’. सुटा ‘आत्मा’ आला की देह सोडून जाणारं, जन्म बदलणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि लॉकला सेल्फ नेमका त्यापासूनच तोडायचा आहे. मानवी आकलनावरच्या त्याच्या ‘एसे’ या ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने यावरचं प्रकरण नव्याने घातलं (भाग 2, प्रकरण 27). त्यातला 14वा परिच्छेद भाषांतरून पाहा. ट्रॉयच्या वेढ्यातल्या नेस्टरचा (ग्रीक पुराणकथेतला वीर) आत्मा आज कुणात असला, पण नेस्टरच्या एकाही कृत्याची त्याला जाणीव नसली, तर तो आणि नेस्टर एक ‘सेल्फ’ नव्हेत. इथे दोन्हीकडे ‘आत्मा’ घातलात तर वाक्य होईल: आत्मा तोच, पण आत्मा तो नव्हे. ‘सोल’ला आत्मा, ‘सेल्फ’ला स्व, ‘मॅन’ला माणूस, ‘पर्सन’ला व्यक्ती, असे चार शब्द आधी ठरवून घ्या. त्याच प्रकरणातलं दुसरं उदाहरण: राजपुत्राचा आत्मा त्याच्या आठवणींसकट मोच्याच्या देहात गेला, तर लॉकच्या मते व्यक्ती राजपुत्राचीच, माणूस मात्र मोचीच. ‘पर्सन’ला ‘इसम’ नको, पंचनामा वाटतो.

– ‘स्व’ पटतो, पण विभक्ती लावताना अडतो. ‘स्वाला’ कानाला खटकतं. अवतरणात ‘स्व’ला, ‘स्व’ची असं लिहावं. ‘स्वत्व’ टाळा, त्यात स्वाभिमान शिरतो. ‘अस्मिता’ तर नकोच. योगसूत्रांत ती क्लेश आहे, आजच्या मराठीत मोर्चाची घोषणा.

– फ्रेंचमध्येही हीच ओढाताण झाली. 1700 मध्ये पिएर कोस्तने लॉक फ्रेंचमध्ये नेला, तेव्हा ‘कॉन्शसनेस’साठी हाताशी असलेल्या शब्दात सदसद्विवेकाचाही अर्थ होता. त्याने त्याच शब्दाच्या मध्ये संयोगरेघ घालून तो वेगळा काढला. आपल्याकडे ‘जाणीव’ आणि ‘सदसद्विवेकबुद्धी’ मुळातच वेगळ्या, तेवढी कटकट वाचली.

– लॉकनंतरच्या स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं काय? 1739 च्या ग्रंथात तो मनाला प्रत्ययांचा (म्हणजे संवेदना, भावना, विचार अशा अनुभवांचा) ‘बंडल’ म्हणतो. ‘गाठोडं’ नको, फडक्याला स्वतःचं अस्तित्व असतं. ‘मोळी’ म्हटलं की दोरी आलीच. आणि बांधणारं काय ते सांगता येत नाही, अशी कबुली तो 1740 च्या पुरवणीत देतो. तेव्हा ‘जमाव’ किंवा ‘समुच्चय’. मला ‘जमाव’ बरा वाटतो, सतत ये-जा त्यात दिसते.

विचारणा: मग फ्रॉइडच्या ‘ईगो’लाही ‘स्व’च?

– नाही. त्याच्या 1923 च्या ग्रंथातला मूळ जर्मन शब्द साधा ‘मी’ आहे, ‘ईगो’ हे लॅटिन इंग्रजी भाषांतराने घुसवलं. मराठीत ‘अहं’ रुळलाय खरा, पण वाचक लगेच गर्वाकडे जातो. ‘मीपण’ त्याहून वाईट, संतांनी ते टाकायला सांगितलंय. अवतरणात ‘मी’ लिहा आणि क्रियापद तृतीय पुरुषी ठेवा: ‘मी’ दबाव झेलतो, ‘मी’ तडजोड करतो. अवतरण सुटलं तर लेखक स्वतःबद्दल बोलतोय असं वाटतं. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा.