स्लीपिंग बॅगमध्ये असूनही रात्रभर काकडलो, आता आईला घेऊन केदारकंठा आहे, काय करू?

पायवाट_पुणे:
नमस्कार मंडळी. सह्याद्रीत पाच-सहा वर्षं फिरतोय पण हिवाळ्यात टेन्टमध्ये झोपायचा अनुभव तसा कमीच. गेल्या जानेवारीत पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, मुक्काम वरच केला, आणि रात्री दोननंतर जी हुडहुडी भरली ती उजाडेपर्यंत गेलीच नाही. बॅगेवर ५ डिग्री लिहिलेलं, टीशर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाड जॅकेट असं सगळं चढवून आत शिरलो होतो तरी पाठ आणि कंबर नुसती बर्फ. कूस बदलली की वर आलेली बाजू जरा बरी वाटायची आणि खाली गेलेली लगेच गार पडायची, असं करत रात्र काढली. खाली घरातलाच योगा मॅट होता. सकाळी बॅग तोंडापाशी ओलसर आणि टेन्टला आतून थेंबच थेंब.

आता डिसेंबरअखेर उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक ठरलाय आणि यावेळी आई पण येतेय. वय ५४, रोज पर्वती चढते, चालायची मला काळजी नाही, पण थंडी तिला अजिबात सोसत नाही, पुण्यात सुद्धा दिवाळीनंतर मोजे घालून झोपते. समिटला, म्हणजे शिखरावर जायला, मध्यरात्रीनंतर उठून चढायचं असतं, आदल्या रात्री तिची झोपच झाली नाही तर ती काय चालणार? ट्रेक नेणारे ग्रुपवाले स्लीपिंग बॅग देतात, तरी तिच्यासाठी भारीतली नवीन घेऊ का?

कातळ_आणि_कारवी:
अरे तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे, खाली गेलेली बाजू गार पडायची म्हणतोस ना, तेच. तुला थंडी जमिनीकडून लागली. बॅग स्वतः गरम होत नसते, तुझ्याच अंगाची ऊब ती धरून ठेवते आणि ती ऊब धरते आतल्या पिसांत नाहीतर फायबरमध्ये अडकलेली हवा. तू वर झोपलास की खालचा थर चेपला, हवा गेली, मग अंगाखाली उरलं नुसतं कापड आणि योगा मॅट, आणि कातळ रात्रभर ऊब ओढत बसला. बॅगेवरचा आकडा सुद्धा खाली चांगली मॅट आणि अंगात थर्मल आहे असं धरूनच काढलेला असतो.

आमच्या भंडारदऱ्याकडे गावात मुक्काम असला की मामा आधी भाताचा पेंढा अंथरायचे, चांगला वीतभर, त्यावर घोंगडी आणि मग आम्ही. पांघरायला एकच गोधडी असायची पण कधी कुडकुडलो नाही, कारण पेंढ्याच्या काड्यांत हवा असते. तेच तत्त्व इथे. फोमची कॅरीमॅट घे, जमलं तर दोन एकावर एक टाक, त्यांची ऊब रोखायची ताकद बेरीज होत जाते. हवा भरायची साधी गादी मात्र नको, आतली हवा फिरत राहते आणि बर्फावर ती गारच पडते, घ्यायचीच तर आत इन्सुलेशन असलेली घे. आईसाठी पहिला खर्च मॅटवर कर, बॅगेचं नंतर बघ.

मीरा_भटकंती:
वरच्याशी शंभर टक्के सहमत, फक्त बॅगेच्या आकड्याबद्दल सांगते कारण आईचा प्रश्न आहे. चांगल्या बॅगांवर कम्फर्ट आणि लिमिट असे दोन वेगळे आकडे असतात. कम्फर्ट हा साधारण बाईला आरामात झोप लागेल तो, लिमिट हा पुरुष अंग चोरून कशीबशी रात्र काढेल तो, आणि जाहिरातीत बरेचदा लिमिटच मोठ्या अक्षरात छापतात. तिसरा एक्स्ट्रीम लिहिलेला असतो तो फक्त जीव वाचण्यापुरता, तो बघूच नकोस. केदारकंठा १२,५०० फूट आहे, डिसेंबरात कॅम्पवर रात्री पारा शून्याच्या चांगलाच खाली जातो, तेव्हा आईसाठी कम्फर्टचा आकडा उणे १० च्या आसपास असेल असं बघ. ग्रुपवाल्यांना फोन करून कोणता आकडा ते स्पष्ट विचार, बॅग खरंच तशी असेल तर नवीन घ्यायची गरज नाही, आत घालायला एक फ्लीसचं लायनर घे, ऊब वाढते आणि दुसऱ्यांनी वापरलेल्या बॅगेत स्वच्छ पण वाटतं.

आणि जॅकेटवर जॅकेट चढवून झोपू नका. घट्ट बॅगेत जाड कपडे कोंबले की फायबर आतून चेपतं, तुझं तेच झालं असणार. कोरडे थर्मल, सैल लोकरीचे मोजे, कानटोपी, बस. मोजे घट्ट असले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय अजूनच गार पडतात. दिवसभर चालताना घातलेले कपडे घामाने दमट असतात, हाताला कोरडे लागले तरी बदलायचेच. जॅकेट पायाशी रिकाम्या जागेत सारायचं किंवा वरून पांघरायचं.

माझी आई माझ्यासोबत आली होती तेव्हा मी रोज रात्री स्टीलच्या बाटलीत उकळतं पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, बाटली मोज्यात घालून तिच्या मांड्यांमध्ये द्यायचे. दहा मिनिटांत तिचा आवाज बदलायचा. पहाटे तेच पाणी प्यायला पण होतं. थर्मासची बाटली नको, तिची ऊब बाहेर येतच नाही.

नवखा_ट्रेकर:
टेन्टमध्ये झोपायच्या आधी छोटी शेगडी किंवा निखारे ठेवले तर चालतं का? मग बंद करायची.

कातळ_आणि_कारवी:
नाही. दहा मिनिटं सुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही, आणि निखारे विझल्यासारखे दिसले तरी धुमसत असतात. कोणी ग्रुपमध्ये करत असेल तर भांडण झालं तरी चालेल पण बाहेर काढायला लावा. रमचं पण तेच, प्यायल्यावर कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते.

पायवाट, तू विचारलं नाहीस पण ते थेंब. टेन्ट पूर्ण बंद करू नका, वरची जाळी उघडी राहू दे, श्वासाची वाफ बाहेर गेली पाहिजे. तोंड बॅगेत घालून तर अजिबात झोपायचं नाही, वाफेने बॅग ओली होते आणि ओली बॅग, त्यातून पिसांची असेल तर, ऊब धरत नाही. बॅगेच्याच टोपीची दोरी ओढून फक्त नाक-तोंड बाहेर ठेवायचं. आणि गारठलेल्या अंगाने आत शिरायचं नाही, आधी टेन्टभोवती दोन फेऱ्या मारा, गुडघे उचलून जागच्या जागी धावा, घाम येण्याआधी थांबा. झोपताना शेंगदाण्याचा लाडू, तूपगूळ असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

मीरा_भटकंती:
रात्री लघवीला उठायला नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, आईला ते करू देऊ नकोस, उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं धरतं. टॉर्च आणि चपला दाराशी तयार ठेव आणि ‘जायचं असेल तर मला उठव’ असं तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती संकोचाने तशीच पडून राहील.

पायवाट_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरीच करून बघितलं, गॅलरीतल्या फरशीवर एका बाजूला योगा मॅट आणि दुसरीकडे मित्राच्या दोन कॅरीमॅट, बॅग तीच. योगा मॅटवर अर्ध्या तासात कंबर गार लागायला लागली, कॅरीमॅटवर तासभर पडलो तरी काही नाही. आईला पण झोपवलं, बाटली दिली, तिला झोपच लागली आणि उठवायला गेलो तर म्हणाली राहू दे रे, इथेच बरंय. कॅरीमॅट आज घेतोय. ग्रुपवाल्यांना कम्फर्टचा आकडा विचारलाय, उत्तर आलं की इथे लिहितो.