मुलाची ‘शिकण्याची शैली’ पाहून शाळेने शिकवणे बदलावे का?

ओसरी (प्रश्न)

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. वाचताना तो अडखळतो आणि जोडाक्षरे गाळून पुढे जातो, पण एकदा ऐकलेली गोष्ट दोन दिवसांनीही बारीकसारीक तपशिलांसह सांगतो. मागच्या महिन्यात शाळेने मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि तिच्या आधारे तो ‘श्रवणाने शिकणारा’ असल्याचे आम्हाला कळवले. वाचनाचा आग्रह धरू नका, धडे ऐकवा, असा सल्लाही सोबत मिळाला. वर्गात पन्नासच्या आसपास मुले आहेत. प्रत्येकाच्या पद्धतीने शिकवणे मला एकटीला शक्य नाही, असे बाई म्हणाल्या आणि मला त्यांचे म्हणणे पटले. तरीही शाळेने मुलाप्रमाणे बदलावे की मुलाने शाळेप्रमाणे, हे मला समजत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

काजवा

ताई, मी विशेष शिक्षिका आहे, म्हणून आधी त्या सल्ल्याबद्दल स्पष्ट लिहिते: कृपया वाचन थांबवू नका. मुलांचे दृश्य, श्रवण आणि कृती असे गट पाडून त्या त्या पद्धतीने शिकवले तर ती अधिक चांगली शिकतात, ही कल्पना शाळांमध्ये फार लोकप्रिय आहे. परंतु २००८ साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन एकत्रितपणे तपासले, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरेच आहे. पण नकाशा पाहूनच कळतो आणि कवितेची चाल ऐकूनच कळते, मग मूल कोणतेही असो. म्हणजे पद्धत ठरते ती बहुतांशी विषयावरून.

तुम्ही केलेल्या वर्णनातली खरी खूण वेगळीच आहे. ऐकून उत्तम समजणारे मूल वाचताना सतत अडखळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाण्याची, चाचणी करावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातही ही सोय आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात तर त्याच्या कितीतरी आधीपासून, १९९६पासून, अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळत आल्या आहेत. निदान झालेच, तर जादा वेळ किंवा लेखनिक हा मुलाचा हक्क असतो. शाळेने तो उपकार म्हणून द्यायचा नसतो. त्याला ‘श्रवणाने शिकणारा’ म्हणून सोडून दिले, तर ही चाचणी लांबत जाईल, याची मला काळजी वाटते.

सायंशाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. काजवाताईंचे म्हणणे मला मान्य आहे, मात्र त्यावरून शाळेने बदलूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम केले. तिथली मुले गुरे राखायला जात असल्यामुळे शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली आणि तिला कुरणशाळा असे नाव मिळाले. मुलांची प्रश्नावली भरून घेऊन हा बदल झाला नव्हता. मूल कुठे आहे आणि त्याला कशाने अडवले आहे, हे पाहून झाला होता.

माझ्या वर्गात मी हेच लहान प्रमाणावर करत असे. तिसरी-चौथीच्या मुलांची अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचनचाचणी घ्यायची आणि रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे गट करायचे. चौथीतला एखादा मुलगा शब्दांच्या गटात बसे आणि तिसरीतली मुलगी गोष्टीच्या गटात. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी घेऊन गट बदलत असत, त्यामुळे कोणाच्याही कपाळावर कायमचा शिक्का बसत नसे. पन्नास मुलांच्या वर्गातही चार-पाच गट सांभाळता येतात. पन्नास पद्धती मात्र कोणालाच सांभाळता येणार नाहीत.

मधली सुट्टी

सर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर राखून माझी शंका मांडतो. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण ठरवले आहे, आणि इथे मात्र वर्गात पन्नास मुले आहेत. त्यात जनगणना आणि निवडणुकीची कामे शिक्षकांना करावी लागतात, कारण त्यांना तोच कायदा मुभा देतो. अशा स्थितीत ‘मुलाप्रमाणे बदला’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ ‘या मुलाकडून कमी अपेक्षा ठेवा’ असा होण्याची भीती मला वाटते. ज्यांच्या घरी शिकवायला कोणी नाही, त्या मुलांच्या वाट्याला हे आधी येईल. म्हणून वाट वेगळी असली तरी चौथीअखेर परिच्छेद वाचता आलाच पाहिजे, ही अपेक्षा सर्वांसाठी एकच असावी.

सायंशाळा

अगदी बरोबर. गट हे पुढे सरकण्यासाठीच असतात. ज्या वर्गात सहा महिने तेच मूल त्याच गटात दिसते, तिथे गट करण्याचा हेतूच हरवलेला असतो.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. नेत्रतपासणीची वेळ घेतली आहे आणि त्यानंतर चाचणीही करून घेऊ. तोपर्यंत घरी त्याला कसे वाचायला बसवावे?

काजवा

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. त्याला आधीच ऐकून माहीत असलेली गोष्ट निवडा, एक ओळ तुम्ही बोट ठेवून वाचा आणि तीच ओळ त्याला वाचू द्या. जोडाक्षर आले की ते फोडून दाखवा, म्हणजे ‘पुस्तक’मधला अर्धा स आणि त त्याला वेगवेगळे दिसतील. चुकला तरी पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावू नका. कोणती अक्षरे रोज अडतात, ती वहीत तारखेसह लिहून ठेवा. चाचणीच्या दिवशी ती वही सोबत न्या, तिचा तिथे फार उपयोग होतो.