चेस्टनटच्या बिया: वाळवू, फ्रीजमध्ये ठेवू की सरळ कुंडीत लावू?

अंगणवेडी
नमस्कार मंडळी. मैत्रिणीच्या चेस्टनटखाली पडलेल्या ओंजळभर बिया वेचून आणल्या आहेत. गोड चेस्टनट, खायचं ते. काही टपोऱ्या आणि तुकतुकीत आहेत, काही एका अंगाने चपट्या, आणि दोन-तीन बियांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत. घरात जितकी माणसं तितकी मतं. एक म्हणतो, उन्हात खडखडीत वाळव, डब्यात भर आणि थंडी सरली की पेर. दुसरा म्हणतो, आत्ताच मातीत खुपस. फ्रीजमध्ये ठेवा असंही कुठेतरी वाचलं. मला ही झाडं मनापासून हवी आहेत, तेव्हा ज्यांनी स्वतः रोपं केली आहेत त्यांनी सांगा. बी कुठली बाजू वर ठेवून लावायची, कुंडी केवढी घ्यायची, आणि फळ कधी धरतं?

रानपाखरू
वाळवू नका. उन्हात पसरल्या असतील तर हे वाचणं थांबवून आधी उचलून आणा.

भोपळ्याची किंवा वालाची बी पिकताना आपोआप कोरडी पडते, म्हणून ती डब्यात वर्षभर राहते. चेस्टनटची जातच वेगळी. झाडावरून पडते तेव्हा तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असतं. ते उडालं की आतला जीव जातो, आणि नंतर रात्रभर भिजवली तरी तो परत येत नाही. ओकच्या बियांचंही असंच. दोन्ही झाडं एकाच कुळातली. ही बी ओली आणि जिवंत आहे एवढं धरून चाललात की पुढचं सगळं त्यातूनच सुचत जातं.

आता निवड. बादलीभर पाण्यात सगळ्या टाका. बुडतील त्या ठेवा, तरंगतील त्या काढा. त्या आतून सुकलेल्या किंवा किडलेल्या असतात. भोकं पडलेल्या बियांत सोंडकिड्याची किंवा पतंगाची अळी होती आणि ती पोसून बाहेर पडली, त्यामुळे त्याही काढा. चपट्या मात्र फेकू नका. एका काटेरी बोंडात बहुधा दोन-तीन बिया असतात आणि मधली दोन्हीकडून दाबली जाते. हाताला भरीव लागली तर ती तितकीच चांगली. कागदासारखी पातळ, पोकळ असेल तर तिच्यात बीज भरलेलंच नाही.

मग थंडी. उगवण्याआधी या बीला काही काळ गारवा मिळावा लागतो. बाहेर पानगळीनंतर चांगला गारठा पडत असेल तर सरळ जमिनीत लावता येतात, पण उंदीर आणि खारी वासावर येतात. जमिनीत लावणार असाल तर वर बारीक तारेची जाळी घट्ट बसवा, नाहीतर सकाळी नुसते खड्डे दिसतील. मला स्वतःला फ्रीजची पद्धत जास्त भरवशाची वाटते. ओलसर वाळू किंवा कोकोपीट घ्या, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये इतपत ओलं. त्यात बिया एकमेकींना न चिकटता ठेवा, दोन-चार भोकं पाडलेल्या पिशवीत भरा आणि भाजीच्या कप्प्यात ठेवून द्या. तापमान १ ते ४ अंश असलं की उत्तम. फ्रीजरमध्ये नको, गोठली की मेली. साधारण दोन ते तीन महिने लागतात.

मधून मधून पिशवी उघडून बघत जा. टरफलावर निळसर-पांढरी बुरशी दिसली म्हणून लगेच टाकू नका. धुऊन, पुसून अंगठ्याने दाबून बघा. टणक असेल तर परत वाळूत, मऊ पडून आत दबत असेल तर बाहेर.

पिवळंपान
एक शंका आधी फेडून घ्या. गोड चेस्टनटच आहे ना? हॉर्स चेस्टनटची बीही अशीच तपकिरी आणि चकचकीत असते, पण ती विषारी. त्या झाडाचा या कुळाशी संबंधही नाही. गोड चेस्टनटच्या बीला एका टोकाला अणकुची आणि तिच्यावर वाळक्या केसांचा झुपका असतो. हॉर्स चेस्टनट गोल गरगरीत, टोक नाही. बोंडावरूनही कळतं: गोडचं बोंड दाट, बारीक, बोटांत रुतणाऱ्या काट्यांचं, तर हॉर्सच्या बोंडावर जाड, आखूड काटे विरळ.

अंगणवेडी
टोक आहे आणि झुपकाही आहे. मैत्रिणीच्या झाडाची पानं लांब, एकेकटी आणि कडेला करवतीसारखे दाते असलेली आहेत.

पिवळंपान
मग गोडच. हॉर्स चेस्टनटचं पान हाताच्या पंजासारखं पाच-सात पर्णिकांचं असतं.

मातीमित्र
टरफल सोलून लावलं तर लवकर उगवत नाही का? आणि रोप वर आलं की खाली चिकटलेली बी काढून टाकायची ना? कुजून मुळाला लागेल अशी भीती वाटते.

रानपाखरू
मातीमित्र, घरी करताना सोलू नका. सोललेल्या बीला ओल आणि बुरशी दोन्ही लवकर गाठतात. रोपाखालची बी तर अजिबात तोडू नका. वालाची दोन दलं मातीतून वर येतात, तशी चेस्टनटची येत नाहीत. ती टरफलातच, मातीखाली राहतात आणि रोपाला तिथूनच पोसतात. रोप खाऊन-पिऊन मोकळं झालं की बी आपोआप गळते. उंदीरही नेमक्या याच बीसाठी कोवळं रोप उकरतात, म्हणून उगवल्यावरही जाळी लगेच काढायची नाही.

अंगणवेडी, तुमचे राहिलेले प्रश्न. फ्रीजमध्येच टोकाकडून टरफल चिरेल आणि पांढरं मूळ डोकावेल. तेव्हा लावायची वेळ झाली. बी आडवी ठेवा, वर दोन-तीन सेंटिमीटर माती. मूळ आणि कोंब दोन्ही त्या टोकातूनच निघतात, त्यामुळे आडव्या बीला कुठेही वळसा घ्यावा लागत नाही. मूळ आधी सरळ खाली जातं आणि वर बरेच दिवस काहीच दिसत नाही. या काळात उकरून बघायचा मोह होतो. उकरू नका.

सोटमूळ लांब जातं म्हणून पसरट कुंडी कामाची नाही. निदान ३० सेंटिमीटर खोल हवी, रुंदी कमी चालेल. उथळ कुंडीत मूळ तळाशी गोल गोल फिरतं आणि तो पीळ झाड मोठं झाल्यावरही सुटत नाही. माती आम्लधर्मी, सामू ५ ते ६ च्या आसपास. चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडतात. पाणी साचलं तर फायटॉप्थोरा नावाचा रोग मुळं काळी करून झाड मारतो, म्हणून निचऱ्यात तडजोड नको.

फळाचं म्हणाल तर बियांच्या झाडाला बरीच वर्षं लागतात. आठ-दहा वर्षं तर धरूनच चाला. एकटं झाड स्वतःच्या परागांवर नीट फळत नाही, तेव्हा निदान दोन वेगळी रोपं वाढवा. शिवाय बी आईसारखीच निघेल याची खात्री नसते. हमखास मोठं फळ हवं असेल त्यांनी कलम घ्यावं, पण दुरून रोपं मागवताना फार जपा. सालीला खाणारी एक बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर प्रथम लक्षात आली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तिने अमेरिकन चेस्टनटची अब्जावधी झाडं संपवली. ती बाहेरून आणलेल्या चेस्टनटबरोबर आली होती. हे आठवलं की आजही जीव कळवळतो. जवळच्या निरोगी झाडाखालच्या बिया वेचून तुम्ही जे करताय, ते मला सगळ्यांत जास्त आवडतं.

अंगणवेडी
मनापासून आभार! सगळ्या पाण्यात टाकल्या. बुडालेल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये गेल्या. पण एका बीला आधीच मूळ फुटलेलं होतं आणि वाळूत ठेवताना त्याचं टोक मोडलं. ती फुकट गेली का?

रानपाखरू
मुळीच नाही. टोक मोडलं की मूळ बाजूने फांद्या काढतं. काही रोपवाटिकांत तर मुळांचा झुपका चांगला व्हावा म्हणून टोक मुद्दाम खुडतात. तिला मात्र आता फ्रीजमध्ये ठेवू नका. आजच खोल कुंडीत आडवी लावा, गारठ्यात पण गोठणार नाही अशा जागी ठेवा, आणि माती नुसती ओलसर राहील एवढंच पाणी द्या.