फियाट पुरी करायची, की आहे तशी काढून टाकायची?

दहानंबरी_८५: सांगलीकर, स्पष्ट बोला, गोड नको. वडिलांची १९८५ ची पद्मिनी, म्हणजे फियाटच. २०१९ च्या महापुरात गावभागात दाराच्या काचेपर्यंत पाण्यात होती. २०२२ ला काम काढलं. इंजिन बोअर करून नवे पिस्टन, हेड, क्लच, ब्रेक झालं. तीन वर्षांचे रविवार मी दिले. २ लाख ३५ हजार गेले. पत्रा, रंग, वायरिंग, कुशन बाकी, म्हणजे अजून दीड लाख धराच. डेंटिंगवाल्यानं उचल घेतली, मग उसाच्या ट्रॉल्यांची कामं आली आणि आमची गाडी सात महिने ठोकळ्यावर. परवा दाराचा आतला पुठ्ठा काढला तर कृष्णेचा गाळ, पापुद्रे धरलेला, बदाबदा खाली आला. पोरगी बारावीला, क्लासची फी तोंडावर. एक एफडी मोडली, ते घरी पंधरा दिवसांनी सांगितलं. बायको काही बोलत नाही. काय करू?

हळदीचा_भाव: विका. आणि एफडी मोडून पंधरा दिवसांनी सांगता? मग प्रश्न गाडीचा राहिलाच नाही. तीन वर्षांचे रविवार 'मी दिले' म्हणताय, पण ते घरातल्या चौघांचे होते. नाद करावा, स्वतःच्या खिशातनं.

दहानंबरी_८५: चौघं नाही, तिघं. बाकी बरोबर आहे.

मिरजेचा_पाना: पुरी करा. पण आधी चूक ऐका. इंजिन आधी केलंत, सगळेच करतात, कारण इंजिन सुरू झालं की बरं वाटतं. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. तळ आणि दाराखालचा पत्रा हीच तिची हाडं. पुराचा गाळ तिथंच बसतो, ओल धरतो आणि आतनं खातो. वरनं लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की दोन पावसाळ्यांत फुगतो. पत्रा पहिला, इंजिन शेवटी, असं पाहिजे होतं.

दुसरं, उभी गाडी फुकट उभी राहत नाही. नव्या बोअरमध्ये पिस्टनच्या रिंगा धरतात, म्हणजे चिकटून बसतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडरं पुन्हा जाम. म्हणजे केलेले २ लाख ३५ हजारसुद्धा रोज थोडे थोडे कमी होतायत. म्हणून एक तर चार महिन्यांत संपवा, नाहीतर इंजिन चांगलं आहे तोवर विका. 'बघू पुढं' हा सगळ्यात महाग पर्याय. भारी रंग, कुशन सगळं सोडा; तळ, वायरिंग, पासिंग एवढंच. प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या हातावरच, फिरवा वर्षभर.

कलम_५२: प्रायमरवर पासिंग होत नसतं मेस्त्री, आरसीत रंग लिहिलेला असतो. शिवाय २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारची नोंदणी नूतनीकरण फी ५ हजारांची १० हजार झालीय, वर पर्यावरण कर. तो खर्च कुणीच धरलेला नाही.

मिरजेचा_पाना: मग पांढऱ्याचा एक हात मारा. मूळची पांढरीच असणार.

दहानंबरी_८५: हो, पांढरीच.

नाद_एकच: व्हिंटेजमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत, घाला की राव, कटकट मिटली!

कलम_५२: त्याला ५० वर्षं लागतात. ही २०३५ ला बसेल. तोवर काय ठोकळ्यावर?

कुपवाडची_लेक: आमच्याकडं जीप होती अशीच. नवऱ्यानं पाच वर्षांनी पुरी केली. आता दर रविवारी तीत बसून सागरेश्वरला जातो, असं लिहायला आवडलं असतं. जीप कव्हर घालून उभी असते. पावसात काढायची नाही, उन्हात रंग जातो, लग्नाला न्यायची तर कुणीतरी ओरखडा काढेल. जोडताना माणूस खूश होता, जोडून झाल्यावर रिकामा झाला. भाऊ, तुम्हाला गाडी पाहिजे का काम पाहिजे, ते आधी घरी सांगा.

हळदीचा_भाव: ताई, विकली का मग?

कुपवाडची_लेक: नाही. तो विकायला निघाला होता, मीच विकू दिली नाही. त्यातलं पाच वर्षांचं माझंपण आहे काहीतरी.

हळदीचा_भाव: घ्या. आता मी कुणाच्या बाजूनं बोलू?

दहानंबरी_८५: शेडवर जाऊन आलो. प्लग काढून चारही बोअरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, हातानं क्रँक फिरवला. फिरतो, पण एका जागी अडतो. रात्री बायकोपुढं वही ठेवली, सगळा हिशोब. तिनं पानं उलटली आणि विचारलं, "यात तुझं जायचं-यायचं पेट्रोल आणि मेस्त्र्यांचे चहा धरलेत का?" धरले नव्हते. फी भरून झाली की पुढचं बघू म्हणाली. 'विक' म्हणाली नाही, 'कर' पण नाही.

मिरजेचा_पाना: अडतो तिथं जोर लावू नका, रिंग मोडेल. ऑइल मुरू द्या. रविवारी मी येतो, शेडला लाईट आहे का?

दहानंबरी_८५: आहे. चहा माझ्याकडं. वहीत लिहीन.