मदत हवी आहे: कादंबरीचा मधला भाग सैल पडतोय

नमस्कार मंडळी. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यावर कादंबरी लिहितेय. रचना तीन अंकी: उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेऊन दसऱ्यानंतर गाव सोडणं, उसाच्या फडातला हंगाम, पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर) परतणं. सुरुवात-शेवट पक्के आहेत. मधले पाच महिने मात्र रोज तेच, पहाटे तोड, मोळ्या बांधणं, गाडी भरणं, कोपीवर (झोपडीवर) येऊन चूल पेटवणं. प्रसंग कार्डांवर लिहून क्रम तीनदा बदलला, तरी ताण चढत नाही. मध्यावर मोठी घटना हवी म्हणतात, पण ओढूनताणून अपघात घातला तर त्या बाईचं जगणंच खोटं पडेल. मुकादमाच्या वहीतला, फिटता फिटत नसलेल्या उचलीचा आकडा कणा म्हणून धरला तर? असा एकसुरी काळ कुणी कथेत पेललाय का? कसा?